आईच्या हाताचं माप

"बारीक अंगाची दिसते," आई म्हणाली.

हिरवी बांगडी दोन बोटांत धरून तिनं उजेडाकडे उचलली होती आणि एक डोळा मिटून ती त्या बांगडीतून माझ्याकडे पाहत होती. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला शेजारच्या तुळसामावशी चिंचा फोडत बसल्या होत्या. त्यांचा हात जागच्या जागी थांबला.

"कोण?" मी विचारलं.

"जिच्यासाठी आणल्यास ती. दोनचं माप आहे हे. पोर फार लहान नाही ना रे? लहान असेल तर आत्ताच सांगते, आधी शिकू दे तिला."

"अगं बाई!" तुळसामावशींनी कपाळाला हात लावला. "मुरलीधर, तू? बाईमाणूस समोरून आलं तर भिंतीला चिकटून चालणारा तू, आणि एकदम बांगड्यांपर्यंत गेलास?"

"नगरचीच असणार," आई म्हणाली. "कॉलेजातली. आणि बांगड्या पण नगरहूनच आणल्यात. कासारणीच्या पोरानं दुसऱ्या कासाराकडून बांगड्या आणल्या! गावाला कळलं तर माझ्या पाटीसमोर कुणी बसायचं नाही."

माझे कान तापले. सदऱ्याच्या खिशात घडी केलेले चार कागद होते, त्यांच्यावर मी हात दाबून धरला. त्या कागदांत जे लिहिलं होतं, ते मला त्या दुपारी आईला सांगायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी नोकरीसाठी नगरला जाणार होतो. आत्ता सांगितलं नाही तर मी ते आयुष्यात कधी सांगणार नाही, एवढं मला स्वतःबद्दल ठाऊक होतं.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. आता ऐंशीच्या पुढं आहे. नेमके शब्द सगळे आठवतात असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. पण त्या दुपारी जे झालं ते झालं होतं, एवढं मी खात्रीनं सांगतो, आणि खात्रीनं सांगता येतील अशा गोष्टी माझ्याजवळ फार नाहीत.

आमचं गाव नगरपासून बसनं दोन तासांवर. आई गोदावरी कासारीण. डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन वीस-वीस मैलांच्या वाड्या-वस्त्या तिनं पायी पालथ्या घातल्या. लग्नसराईत नवऱ्या मुलींना चुडे भरायचे, श्रावणात सासुरवाशिणींना बांगड्या भरायच्या, आठवड्याचे दोन बाजार करायचे, आणि उरलेल्या दिवशी घराच्या ओसरीवर पाटी मांडून बसायचं. त्यावर मी शिकलो. मॅट्रिक झालो, नगरला राहून बी.ए. झालो, आणि तिथल्याच एका कॉलेजच्या ग्रंथालयात मला जागा मिळाली. या सगळ्या वर्षांत मी आईला एकदाही काही म्हटलं नव्हतं. आमच्याकडे तशी रीतच नव्हती. मुलगा आईला धन्यवाद देतो हे मी फक्त पुस्तकांत वाचलं होतं.

पुस्तकांत मी आणखीही एक गोष्ट वाचली होती. नवरा गेला की बाईच्या हातातल्या बांगड्या काढून घेतात, त्या रूढीबद्दल मी कॉलेजात पुष्कळ वाचलं आणि वाचताना प्रत्येक वेळी मला माझ्या आईची मनगटं दिसली. दोन्ही मोकळी. गावभरच्या बायकांचे हात भरणारी माझी आई, आणि तिच्या हातात काचेचा तुकडा नाही. मी चौदा वर्षांचा असताना वडील दम्यानं गेले होते. मी हिशेब जुळवला. मग ठरवलं, की नोकरीवर जाण्याआधी आईच्या हातात आपण स्वतः हिरव्या बांगड्या घालायच्या. कोण काय म्हणेल ते म्हणो. माझ्यासारख्या भित्र्या माणसाच्या दृष्टीनं हे बंडच होतं.

पण माप हवं होतं. आईला विचारलं असतं तर सगळंच फुटलं असतं. म्हणून मी मारुतीच्या देवळातून आणला म्हणून एक काळा दोरा तिच्या मनगटाला बांधला. मी देवळात गेलो याचंच तिला इतकं आश्चर्य वाटलं, की तिनं निमूट हात पुढे केला. दुसऱ्या दिवशी देवाला परत वाहायचा म्हणून तो दोरा मी सोडून घेतला आणि नगरच्या बाजारातल्या एका दुकानदारासमोर ठेवला. त्यानं एकदा दोऱ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "लहान मुलीसाठी का?" त्यानं विचारलं. मी "हो" म्हणालो. "नाही" म्हटलं असतं तर पुढं बोलावं लागलं असतं.

"बोल की," तुळसामावशी म्हणाल्या. "नाव तरी सांग पोरीचं."

"पोरगी नाही," मी म्हणालो. "आईसाठी आणल्यात."

आईनं बांगडी डोळ्यासमोरून खाली घेतली. ती माझ्याकडे पाहत राहिली, मग बांगडीकडे, मग स्वतःच्या हाताकडे. तिचा उजवा हात मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला असेल. बोटांची पेरं सुजून गाठीसारखी झालेली, अंगठ्याखालचं हाड पुढं आलेलं, तळव्यावर बारीक पांढऱ्या रेघा. कितीतरी काचा लागून गेल्या होत्या तिथं.

"मारुतीचा दोरा," ती हळूच म्हणाली. "मनगट मोजलंस होय रे?"

मी मान हलवली.

"अरे, बांगडी मनगटात बसते, पण जाते मुठीतून! माप मुठीचं घेतात!"

आणि ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तुळसामावशींच्या मांडीवरचे चिंचोके ओसरीभर सांडले.

"कासारणीच्या पोटी जन्म घेतला आणि मनगट मोजलं!" मावशी म्हणाल्या. "गोदे, तू याला इतकं शिकवलंस ना, ते थोडं कमी शिकवायला हवं होतंस."

मीही हसायला हवं होतं. पण मला वाटलं, आता थांबलो तर संपलं. मी खिशातून कागद काढले आणि उभा राहून वाचायला लागलो. सुरुवात फार मोठी होती. "हे माते, निर्दय रूढीनं तुझ्या हातांचं सौभाग्य हिरावून घेतलं, आणि तरीही त्याच रित्या हातांनी तू सहस्रावधी स्त्रियांचे..." असं काहीतरी. आज ते वाक्य आठवलं की मी एकटा असलो तरी मान खाली घालतो. दुसऱ्या पानावर मी लिहिलं होतं, की वडील गेले त्या दिवशी समाजानं तुझ्या बांगड्या उतरवल्या, आज तुझा पुत्र त्या परत चढवतो आहे.

"थांब," आई म्हणाली.

मी थांबलो.

"कुणी उतरवल्या म्हणालास?"

"समाजानं. म्हणजे बायकांनी. बाबा गेले तेव्हा."

आईनं तुळसामावशींकडे पाहिलं. मावशी चिंचोके वेचत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तुला असं वाटत होतं?" आई म्हणाली. "इतकी वर्षं?"

"मग?"

"अरे, तुझे बाबा असतानाच माझे हात मोकळे होते. तू पहिलीत गेलास त्या वर्षापासून."

मी कागद हातात धरून तसाच उभा राहिलो.

"खाली बस," ती म्हणाली. "उभं राहून ऐकायचं असं काही नाही त्यात. त्या साली बाबांना दमा लागला. भात्यासमोर बसवेना, भांड्यांना कल्हई करणं सुटलं. मी पाटी उचलली. बांगड्या भरायचं माहेरी बघितलं होतं, पण केलं नव्हतं कधी. माझ्या स्वतःच्या हातात तेव्हा दोन्हीकडं मिळून दीड डझन होत्या. पहिलाच चुडा भरायला एका मळ्यावर गेले. नवरी मुलगी, लग्न दुसऱ्या दिवशी. एक हात भरला. दुसऱ्या हातात शेवटची बांगडी चढवताना माझ्या हातातल्या बांगड्या तिच्या चुड्यावर आपटल्या. तिच्या तीन वाढल्या."

बांगडी फुटली असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. वाढली म्हणतात.

"मग?"

"मग काय. तिच्या आत्यानं हात खेचून घेतला. म्हणाली, अपशकुनी बाई आणली कुणी, दुसऱ्या कासारणीला बोलवा. पोरगी बिचारी रडायला लागली. मी पाटी उचलून निघाले. वाटेत विहिरीवर बसले. माझ्या लक्षात आलं, की हा धंदा करायचा तर हातात काही ठेवता येणार नाही. भरणारीचा हात मोकळा पाहिजे. दुसऱ्या कुणी कासारणी एका हातात ठेवतात, सांभाळतात. मला ते जमलं नाही. जवळच्या वस्तीवरून तेल मागून आणलं, हाताला लावलं आणि एकेक काढली. एक फोडली नाही."

"नवरा जिवंत असताना," तुळसामावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज आता थट्टेचा नव्हता. "गाव काय काय बोललं, तुला नाही सांगायचं. हिची सासू तीन महिने बोलली नाही हिच्याशी. पाणवठ्यावर बायका हिच्या आधी घागरी भरून घ्यायच्या."

"जाऊ दे गं."

"का जाऊ दे? त्याला चार पानं लिहायला येतात, तर त्यानं ऐकावं."

"आणि बाबा?" मी विचारलं.

आईनं माझी ती लहान बांगडी पाटीच्या कडेला ठेवली.

"त्यांनी हात बघितले. दोन दिवस भिंतीकडं तोंड करून निजले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, मंगळसूत्र तेवढं ठेव. मी म्हटलं, ते कुठं कुणाच्या चुड्याला लागतंय. तेव्हा हसले."

मग मावशीच म्हणाल्या, "ते गेले त्या दिवशी रीत म्हणून मीच पुढं होते. बांगड्या काढायला. हिचा हात हातात घेतला आणि काढू काय? काढायला काही नव्हतंच. तशीच बसून राहिले हात धरून. तू दारात उभा होतास मुरलीधर, तू बघितलंस."

मी पाहिलं होतं. मावशींनी आईचे हात धरलेले मी दारातून पाहिले होते, आणि त्या एका दृश्यावर पुढं चार पानं लिहिली होती. त्याआधीची आठ वर्षं मी रोज त्याच हातांसमोर बसून अभ्यास केला होता. ते हात तेव्हाही मोकळे होते. मी पुस्तकातून मान वर केली नव्हती.

समाजाला दोष देणं सोपं होतं. तो दोष आता माझ्या हातातून सुटला. मी पहिलीत गेलो त्या वर्षापासून, असं ती म्हणाली होती. माझ्या पाटीची, पेन्सिलीची, पुढं नगरच्या खोलीची वाट त्या विहिरीवरून निघाली होती.

मी कागदांची घडी केली. ती नीट होईना.

"रुसलास का?" आई म्हणाली.

"नाही."

"मग तोंड का असं केलंस? आणल्यास त्या आणल्यास. जावयाच्या पोरीला होतील." तिला मुलगी नव्हती, त्यामुळे जावईही नव्हता. ती मला हसवायला बघत होती.

"आई," मी म्हणालो, "तुझ्या मापाच्या दे. मी भरतो."

"तू?"

"मी."

"गोदे," मावशी म्हणाल्या, "लोक काय म्हणतील? हिरव्या बांगड्या, या वयात, आणि ते गेल्यावर..."

"लोकांच्या बायकांना बांगड्या मीच भरते. म्हणू देत की," आई म्हणाली. "पण हिरव्या नकोत. हिरव्या मला कधीच आवडल्या नाहीत."

हेही मला माहीत नव्हतं.

तिनं पाटीच्या तळातून, सगळ्या माळांच्या खालून, एक माळ बाहेर काढली. पिकल्या जांभळाच्या रंगाच्या बांगड्या होत्या. इतक्या गडद, की सावलीत काळ्याच दिसाव्यात. तिनं माळ उन्हाच्या तिरिपेत धरली आणि त्यांच्या आतून तांबूस उजेड आला.

"या कुणी घेत नाही," ती म्हणाली. "बायकांना वाटतं काळ्या आहेत. तरी दर खेपेला एक माळ आणते."

"का?"

"असू देत पाटीत म्हणून."

ती भिंतीशी टेकून बसली आणि हात पुढे केला. मी समोर बसलो. आईचा हात असा हातात घेण्याची मला सवय नव्हती. तो माझ्या हातापेक्षा जड होता आणि खरखरीत होता.

"चार बोटं जुळव. अंगठा आत दाब. तसा नाही, हाडापासून. आता बांगडी तिरकी लाव आणि फिरवत ने."

पहिली बांगडी पेरांवर अडली. मी जोर केला आणि ती वाढली. आईच्या अंगठ्याखाली रक्ताचा थेंब आला. तिनं तो पदरानं टिपला.

"दुसरी घे."

दुसरीही तशीच वाढली.

"मला नाही जमणार."

"जमेल. तू गप्प बसतोस म्हणून होतंय. बाईचा हात हातात घेतला की बोलत राहायचं. कासारीण गप्प राहिली की बाईचं सगळं ध्यान हाताकडं जातं, हात आवळतो. काहीतरी विचार मला. मी सांगायला लागले की ढिला पडेल."

"काय विचारू?"

"मी बाईला तिच्या माहेरचं विचारते."

बावीस वर्षांत मी आईला तिच्या माहेरचं काही विचारलं नव्हतं. "तुला या रंगाच्या कुणी भरल्या होत्या पहिल्यांदा?" मी म्हणालो.

"माझ्या आजोबांनी," ती लगेच म्हणाली. "मी आठ वर्षांची. जत्रेला जाणार होतो, आणि मी रुसून कणगीमागं बसले होते, कारण थोरल्या बहिणीला आरसेवाल्या मिळाल्या आणि मला साध्या. आजोबा कणगीमागं वाकून आले, एवढे उंच होते, डोकं आपटलं त्यांचं..."

बांगडी आत गेली होती. कधी गेली ते मला कळलंही नाही. आईनं मनगटाकडे पाहिलं, पण ती बोलायची थांबली नाही. मी दुसरी घेतली. बहिणीचं पुढं काय झालं, मी विचारलं. जत्रेत काय घेतलं, विचारलं. तू शाळेत गेली होतीस का, विचारलं. दोन वर्षं गेली होती. कविता पाठ होत्या तिला. एक तिनं म्हणूनही दाखवली आणि मध्येच विसरली. मावशींनी चिंचा कधीच बाजूला ठेवल्या होत्या. उजव्या हातात सहा गेल्या, मग डाव्या हातात सहा. आणखी एक वाढली तेवढीच.

भरून झालं. आईनं दोन्ही हात समोर धरले, मनगटं हलवली, आणि त्या आवाजानं ती स्वतःच जरा दचकली.

"परवा बाजार आहे," ती म्हणाली. "तोपर्यंत ठेवते. मग तेल लावून काढीन."

मी म्हणायचं ते अजून म्हटलं नव्हतं. तिचा डावा हात माझ्या हातातच होता. मी शब्द शोधले. कागदावर होते ते सगळे खोटे वाटायला लागले होते आणि दुसरे माझ्याजवळ नव्हते. शेवटी तोंडातून जे निघालं ते धन्यवाद नव्हतंच.

"आई, तू दमलीस का गं?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, पुन्हा हसणार.

"हो," ती म्हणाली. "खूप दमले रे."

एवढं म्हणून तिनं डोकं भिंतीला टेकवलं. तुळसामावशी उठल्या, आतून उशी आणून त्यांनी तिच्या डोक्याखाली सारली, आणि चिंचांचं सूप उचलून आपल्या घरी गेल्या. आईचे भरलेले हात मांडीवर होते. दुपारचे तीन वाजले असतील. थोड्या वेळानं तिचा श्वास संथ झाला. दिवसाउजेडी झोपलेली आई मी त्याआधी पाहिली नव्हती.

मी हळूच पाटी उचलून ओसरीच्या पायरीशी नेली आणि पाटीशेजारी बसलो.

पहिली आली ती कोष्ट्याची सून. मी जमिनीकडे बघत म्हणालो, "आज नाही. आई झोपलीय." तिनं ओसरीवर डोकावून पाहिलं आणि ती गेली. मग दोघी-तिघी मिळून आल्या, शेताकडून. त्यांनाही सांगितलं. त्यांतली एक म्हणाली, "बरं नाही का गोदाकाकूंना?" मी म्हणालो, "बरं आहे. दमलीय." अनोळखी बायकांशी मी एका दिवसात एवढं कधी बोललो नव्हतो.

मग एक म्हातारी आली. कानानं अधू असावी. मी दोनदा सांगितलं तरी ती पाटीतल्या माळा चाळतच राहिली. मी उठलो, तिच्या कानाशी गेलो आणि सगळा जीव गोळा करून ओरडलो, "आजी, उद्या या! माझी आई झोपलीय! सोळा वर्षं तिनं—"

"मुरली," ओसरीवरून आई म्हणाली, "हळू बोल रे. झोपू दे मला."